जागा

मिंदेलोच्या बंदराकडे पाठ केलेल्या खोलीत
मी फिती फिरवायचो.
भिंतींवर अंड्यांचे ट्रे, दाराला एक फाटकं शीड.
शेजारच्या बेकरीचं यंत्र थांबलं
की आम्ही सुरू.

पहिल्या तबकडीवर इल्डाचा एकटीचा चेहरा आहे.
मागं, बारीक अक्षरांत, बेलार्मिनो,
तेही एक अक्षर खाऊन.

बेलार्मिनो न्हावी होता.
दिवसभर लोकांच्या माना हळूच वळवायची सवय,
गिटारही तशीच धरायचा,
घाई केली तर रक्त येईल, अशी.
दर ओळीच्या तोंडाशी तो अर्धा श्वास मागे.
इल्डा थांबायची.
ओठ उघडे, आवाज उंबऱ्यावर,
आणि मग दोघं एकदम आत.

मी तेव्हा तरुण होतो, म्हणजे फार शहाणा.
एका रात्री ब्लेडनं ते सगळे अर्धे श्वास कापले,
फीत चिकटवली.
गाणं कसं घड्याळासारखं.
सकाळी इल्डानं ऐकलं, म्हणाली,
"ही बाई कोण?
हिला कुणाची वाटच बघायची नाहीये."

दिवसभर बसून तुकडे परत जोडले.
एक सापडेना.
तिसऱ्या गाण्यात तिथं आवाज जरा ठेचकाळतो.
लिस्बनच्या पेपरात त्यावर चार ओळी आल्या:
गायिकेचा आवरलेला हुंदका वगैरे.
हुंदका कसला,
तो माझ्या चपलेला चिकटून घरी गेला होता.

मग रॉटरडॅम.
तिथं वाल्डो, गोदी कामगाराचा पोरगा,
पायाखाली डब्यांची रांग,
एक दाबला की सूर धुक्यात,
दुसरा दाबला की पाण्याखाली.
इकडे बेटावर लोक म्हणाले, बिघडवली तिला.
ती मला फोनवर म्हणाली,
"मी होते तिथंच उभी आहे रे,
मागची भिंत कुणी निळी केली
त्याला मी काय करू?"
खरं नव्हतं ते.
वाल्डो वाजवताना तिच्याकडे बघायचाच नाही,
म्हणून पहिल्यांदाच ती डोळे उघडे ठेवून गायली.
ऐकू येतं ते.

सिल्विनाबद्दल थोडंच सांगतो, ती अजून जिवंत आहे.
कावाकिन्यु इतकं चोख कुणी वाजवलं नाही
आणि इतक्या रागानं तर नाहीच.
दोघी मावसबहिणी, एका घरावरून अबोला.
सिल्विना मुद्दाम पट्टी अर्धा सूर चढवायची,
इल्डा मुद्दाम पोचायची.
ते भांडण अख्खंच्या अख्खं तबकडीवर आहे.
लग्नात लोक त्यावर नाचतात.

बेलार्मिनो गेला तो दुकानातच.
खुर्चीतलं गिऱ्हाईक एका गालाला साबण लावून
तसंच रस्त्यावर धावत आलं.

शेवटच्या तबकडीला इल्डा म्हणाली, वाद्य नको.
कुणीच नको.
कंपनीला आवडलं, म्हणाले,
आता खरी तू ऐकू येशील.

खोली तीच. ट्रे गेले, शीड गेलं.
फितीही गेल्या, एक पोरगा पडद्यावर बोट फिरवतो
आणि आवाजाचे डोंगर सरकतात.
मला खुर्ची दिली होती, मानाची, कोपऱ्यात.
इल्डा गायला लागली.
ओळ संपली.
ओठ उघडे.
पडद्यावर एक सरळ रेघ.
मग ओळ.
पुन्हा रेघ.

पोरगा मागं वळून मला म्हणाला,
"दर वेळी इतकी रिकामी जागा राहतेय.
काढून टाकू?"

मी उठलो. गुडघे वाजले, तेही बहुधा आत गेलंय.
त्याच्या मनगटावर हात ठेवला.
"रिकामी नाही ती," म्हणालो,
"बसलंय तिथं कुणीतरी."

त्यानं काचेपलीकडे पाहिलं.
इल्डा हसत होती,
नाहीतर तिला शिंक येत असावी.